सुतळीनं बांधलेली मोळी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

धर्मापुरी, ता. परळी
मंगळवार, ७ जून २००५

चि. शिवकन्या हिस,

आत्याचा आशीर्वाद. इकडं सगळं खुशाल. तू खुशाल आहेस हे दर रविवारी सगळा महाराष्ट्र बघतो, म्हणून ते वेगळं विचारत नाही. ऊन अजून उतरलं नाही. लाईट दुपारी पण जाते अन् दिवेलागणीला पण, त्यामुळं फ्रीजमधली बाटली हातात घेऊन लोक परत ठेवून जातात. लग्नतिथी संपल्या, आता जो तो बियाण्याच्या मागं आहे. दुकान बरं चाललंय. परसातल्या आंब्याला यंदा लई फळ आलं. तुला पाठवायला म्हणून पेटीत घालून ठेवले होते, मग नाही पाठवले, वाटून टाकले गल्लीत. कावून नाही पाठवले ते पुढं कळेल.

हे पत्र पोस्टानं येणार नाही, कौशल्याच्या हातानं येईल. कौशल्या म्हणजे कोण हे आता मी तुला सांगायला नको. वस्तीवरल्या आश्रुबाची बायको, दर साली दसरा झाला की कोयता घेऊन नवऱ्यासंगं कारखान्याला जाणारी. येत्या रविवारी तुझ्या स्पर्धेचा शेवटचा, थेट दाखवायचा कार्यक्रम आहे, आणि त्यात तू तिला फडात सांभाळलेली तुझी मानलेली आई म्हणून सगळ्यांपुढं उभी करणार आहेस. सरळ विचारते, शिवे, तू हे खरंच करणार आहेस का? तोंडाला रंग फासायच्या आधी हे पत्र वाच. कौशल्याला मी बजावलंय, पोरगी वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही.

परवा दुपारी ती दुकानात आली. गिऱ्हाईक होतं म्हणून पोत्यावर बसून राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "नीलाक्का, पोरीचा फोन आलता. पानटपरीवरल्या डब्यावर."

मी म्हणलं, "कुणाच्या पोरीचा?"

"तुमच्याच की. शिवकन्येचा. म्हणती, मावशी, एक दिस माझी मानलेली आई हो. गाडी पाठवते, मुंबईला ये."

मी साखर जोखत होते. मापातली साखर पिशवीत ओतायची ती मी परत पोत्यात ओतली, इतकंच माझ्या ध्यानात आहे.

"तुमाला न विचारता म्या हो म्हणायची न्हाई," कौशल्या म्हणाली. "पर खरं सांगू का अक्का, मला समिंदर बघायचाय. आख्खा जन्म कारखान्याची चिमणी बघण्यात गेला. अन् आणिक एक. पोरगी म्हणती, फाटकं लुगडं नेसून ये. कावून? मुंबईला जायचं अन् फाटकं नेसून जायचं? माझ्या लेकाच्या लग्नातली हिरवी साडी घडीची ठेवलीय. बघतील तवा म्हणतील, हिला काय नेसायलाच न्हाई!"

मी म्हणलं, "हिरवीच नेस. आणि समुद्र बघून ये." ती गेली आणि मी दुकान भर दुपारी लावून घेतलं. तुझा बाप गेला त्या दिवसानंतर हे शटर भर दुपारी कधी खाली आलं नव्हतं.

आता मी काय म्हणते ते ऐक. मी काही तुझ्या टीव्हीच्या विरुद्ध नव्हते. पुण्यातल्या तुझ्या ऑफिसातून फोन आला, आत्या, 'नवं काही घडवा' म्हणून स्पर्धा आहे, मला घेतलंय, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. लोकांना ती स्पर्धा समजावून सांगता सांगता माझं तोंड दुखलं. बद्रीनाथ मंडपवाला विचारायचा, "अक्का, गाण्याची हाय का नाचायची?" मी सांगायचे, अरे बाबा, गाणं नाही, नाचणं नाही, वस्तू करायची. बारा पोरं-पोरी आहेत, दर आठवड्याला नवी वस्तू करून दाखवायची, लोकांनी मोबाईलवरून मतं द्यायची, एकेक जण गळणार, आणि शेवटी जो उरेल त्याची वस्तू कंपनी कारखान्यात काढणार आणि त्याला डिझाईनची नोकरी देणार. तो म्हणाला, "म्हंजे डोक्याची हाय. मग आपलीच येती पहिली." लाईट नसते म्हणून दर रविवारी आपलं जनरेटर आणून लावलं त्यानं. दुकानापुढं रस्ता भरून माणसं बसायची.

पहिल्यांदा तू तेलाचा डबा कलता करायचा घोडा दाखवलास, तेव्हा मी रडले ग. त्या डब्यांनी माझी कंबर किती खाल्ली ते तुला माहीत आहे. डबा घोड्यात बसवला, एका बोटानं कलवला आणि धार पळीभर सुद्धा बाहेर नाही. टाळ्या पडल्या. बद्रीनाथनं शिट्टी मारली. मी बाहेर बसलेल्या सगळ्यांना चहा पाजला. आपल्या दुकानातून निघालेली वस्तू, आपल्या पोरीनं केलेली, सगळ्या राज्यानं बघितली. यापेक्षा मोठं काय पाहिजे होतं?

त्या शेंडीवाल्या परीक्षकाला ते पुरेना. केस मागं बांधलेला तो, मान तिरकी करून बोलणारा. म्हणाला, "वस्तू चांगली आहे, शिवकन्या. पण तुझी गोष्ट काय? मला तुझी वेदना दिसत नाही." त्याच्या वेदनेला लागली आग! डब्याच्या घोड्यात वेदना कुठून दिसणार? पुढच्या बुधवारी तुझा फोन आला होता, आठव. तू म्हणालीस, "आत्या, इथं वस्तूला कोणी विचारत नाही. सगळ्यांकडं गोष्ट आहे. माझ्याकडंच नाही." मी म्हणलं, "तुला सुखानं वाढवलं हा काय आमचा गुन्हा झाला?" तू हसलीस आणि फोन ठेवलास. तो शेवटचा फोन. त्यानंतर आजतागायत तुझा आवाज मी टीव्हीतूनच ऐकते.

आणि मग ती चुंबळ आली.

चुंबळ वाईट होती असं मी म्हणणार नाही. बायका डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवतात, तू प्लास्टिकची केलीस, खांद्यावर दोन पट्ट्या सोडल्यास, म्हणजे ओझं मानेवर न येता खांद्यावर येईल. डोकं चांगलं चालवलंस. कौशल्या पण म्हणाली, "चुंबळ बरी दिसती, मानंला आराम पडंल." तेवढंच सांगितलं असतंस तर मी परत चहा पाजला असता सगळ्यांना. पण दिवे मंद झाले, वाजंत्री सुरू झाली, आणि तू म्हणायला लागलीस, "मी उसाच्या फडात वाढले. या डोक्यावर मी मोळ्या वाहिल्यात."

कोणत्या डोक्यावर ग? मी रोज तेल लावून दोन वेण्या घालत होते त्या डोक्यावर? तू उसाच्या फडात एकदा गेलतीस, गुऱ्हाळावर काकवी प्यायला, आणि पाचट लागून पायाला खाज सुटली म्हणून मला तुला कडेवर घेऊन यावं लागलं. शाळेतून आलीस की गल्ल्याशेजारी बसून मनुका खायचीस, काजूची बरणी मी तुझ्यापासून लपवून ठेवायचे. ऊसतोडीला कौशल्याच्या पोरी गेल्या. त्यांची शाळा बुडाली. त्यांचं हे सगळं तू उचललंस आणि आपल्या नावावर लावलंस, बाजारात पडलेला रुमाल उचलावा तसं.

आणि लबाडी करायची तर ती तरी धड करायची! मोळी बांधून दाखव म्हणाला तो शेंडीवाला. तुझ्यापुढं ऊस ठेवले. तू काय केलंस? सुतळी घेतलीस! अगं, मोळी सुतळीनं बांधतात का कुठं? उसाच्याच शेंड्याच्या हिरव्या वाढ्याला पीळ घालून बांधतात. बीड जिल्ह्यात रांगणाऱ्या पोराला पण हे मालूम आहे. आपल्या दुकानापुढं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. मग तू सुतळीचा बोटाला वळसा दिलास आणि हिसका मारून तोडलीस, कात्री नाही, दात नाही. तेव्हा बद्रीनाथ ओरडला, "आरं, हा तर वाण्याचा हिसका!" आणि जो हशा पिकला तो वेशीपर्यंत गेला असंल. "किराण्याची मोळी! अर्धा किलो ऊस बांधून द्या!" दुसऱ्या दिवसापासून पोरं दुकानात येऊन हेच म्हणतात. मी कोणाकोणाचं तोंड धरू?

तो हिसका मी शिकवला तुला. तू दुसरीत असशील, बोट कापून घेतलंस तरी सोडलं नाहीस, येईपर्यंत सुतळी तोडत बसलीस. मुंबईतल्या लोकांना काही कळलं नाही. ते टाळ्या वाजवत होते. मला तुझा राग आला होता आणि त्यातच त्या हाताकडं बघून बरं पण वाटलं, याचा मला आणखीन राग आला.

इथपर्यंत लिहून मी पत्र बंद करणार होते. पुढचं लिहायचं नव्हतं. पण कौशल्या उद्या निघायची आहे, आणि हे पोटात ठेवून मला रविवार काढता यायचा नाही.

मोळीचं मी माफ केलं असतं. फडाचं पण केलं असतं. पोरगी आहे, घाबरली, गळून पडायची वेळ आली, काहीतरी बोलून गेली. पण त्यानंतर निवेदकानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आणि तू खाली बघून म्हणालीस, "आई-बाबा लहानपणीच गेले. एक आत्या होती, तिनं सांभाळलं. ती पण गेली. आता माझं रक्ताचं कुणीच नाही."

शिवे, मी समोर बसले होते. स्टुलावर, पहिल्या रांगेत, पदर सावरून.

कोणी हसलं नाही तेव्हा. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडं बघितलं. बरं, तू बोलून थांबलीस तरी ते थांबले नाहीत. त्यांनी चित्र दाखवलं, नदीकाठ, अंधार, आणि जळणारी चिता. मला जाळलं! अगं, लिंगायताच्या बाईला जाळतात का? आपल्यात समाधी देतात, बसवून पुरतात, तुझ्या बापाला पुरलं तेव्हा माती लोटायला तुझा हात मीच धरला होता. सकाळी मठातले स्वामी दुकानात आले, दक्षिणेसाठी आले नव्हते, नुसतं म्हणाले, "अक्का, आपल्यात दहन कधीपासून सुरू झालं?" मारायचंच होतं तर मेल्यावर आपल्या रीतीनं तरी न्यायचं होतंस.

गावाचं काय विचारतेस. बद्रीनाथ सोडून सगळ्यांनी जीभ साफ करून घेतली माझ्यावर. "अक्का, तुमी तर गेल्या व्हत्या की! मग ही उधारी कुणाकडं फेडायची?" एकानं तर दुकानात येऊन हात जोडले, म्हणाला, लई चांगली बाई होती. मी पण हसले. दुकानदारानं काय करायचं? हसायचं.

आता हे शेवटचं, आणि हे तुला कोणीच सांगितलं नसंल. गेल्या आठवड्यात तुमच्या वाहिनीचा माणूस जीप घेऊन आला होता. गळ्यात पट्टा, डोळ्यावर काळा चष्मा. थंड बाटली घेतली माझ्याकडूनच. म्हणाला, "मावशी, ती टीव्हीवरची शिवकन्या इथलीच ना? तिचं नातेवाईक कोणी आहे का गावात?" मी एक शब्द बोलले असते ना पोरी, 'मी तिची आत्या' एवढा, तर तुझी स्पर्धा तिथंच संपली असती. वरती दुमजली घर, खाली दुकान, पाटीवर तुझ्या बापाचं नाव. त्यानं वर मान करून बघितलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणलं, "नाही हो. कोणी नाही."

तो म्हणाला, "एक आत्या होती म्हणे."

मी म्हणलं, "होती. गेली बिचारी."

"कशी होती हो?"

"तोंडाची फटकळ होती," मी म्हणलं, "पण पोरीवर जीव होता तिचा."

त्यानं ते लिहून घेतलं. बाटली रिकामी करून दिली आणि गेला. मी ती रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात ठेवली. आपल्याच मरणाची साक्ष आपणच द्यायची वेळ माझ्यावर आली. तुझ्यापायी आली. आणि त्याच्यावर तू आता कौशल्याला बोलावतेस!

म्हणून नीट वाच. मला मारलंस, मी गप बसले. मला परत जिती कर असं मी तुला म्हणणार नाही, त्यानं ती बक्षिसाची नोकरी हातची जाईल हे कळण्याइतकी मी शहाणी आहे. पण माझी जागा रिकामी झाली म्हणून तिथं दुसरीला बसवायचं नाही. कौशल्या पण काही मांडवाला भाड्यानं आणायची खुर्ची नाही, तिची तिला पोरं आहेत. रविवारी सगळ्यांसमोर तिला आई म्हणालीस तर मी खरोखरच गेले असं समज. मग या दुकानाच्या पायरीला पाय लावू नकोस. मी जे बोलते ते करते, तुला ठाऊक आहे.

आम्ही बघत असू. जनरेटर सांगून ठेवलंय.

मेल्या माणसाचा पण आशीर्वाद लागतो म्हणतात, तेव्हा तो घे.

कै. नीलाबाई

•

धर्मापुरी
शुक्रवार, १७ जून २००५

शिवे,

हे पत्र रजिस्टर करतेय, म्हणजे सही करून घ्यावंच लागेल तुला. तुझ्या खोलीवर फोन केला तर मालकीण म्हणती, आहे पण बोलत नाही. पुण्याच्या ऑफिसात केला तर म्हणतात, रजेवर आहे. कामावर जात नाहीस, गावाकडं येत नाहीस, मग करतेस काय? जेवतेस का तरी?

आधी इथं काय दिसलं ते ऐक, कारण तुला ते कळायला मार्ग नाही. रविवारी रस्ता भरला होता, स्वामी पण आले होते. त्या निवेदकानं हात पसरले, "शिवकन्या, बघ कोण आलंय!" आणि कौशल्या आली. हिरव्या साडीत! ते बघून वस्तीवरल्या बायकांनी जो गलका केला! मी मात्र स्टुलाची कड धरून बसले होते. तू तिच्याकडं बघत राहिलीस. तो म्हणाला, "आईला मिठी नाही मारणार?" तू माईक घेतलास. म्हणालीस, "या माझी आई नाहीत. माझी..."

आणि साबण!

साबणाची जाहिरात, मग पंखे, मग गोरं करायची क्रीम, मग परत साबण. सगळं संपलं तेव्हा तू नव्हतीस आणि कौशल्या नव्हती. निवेदक दात काढून म्हणाला, शिवकन्याला जरा बरं वाटत नाही. घडीची खाट केलेल्या दुसऱ्या पोराला बक्षीस दिलं आणि वरून कागदाचे तुकडे उडवले. गावातली सगळी माणसं माझ्याकडं वळली. "अक्का, 'माझी' काय? 'माझी' म्हणून काय म्हणली?" मी म्हणलं, मला काय माहीत बाबांनो. खरंच माहीत नव्हतं. 'माझी आई मेली' म्हणाली असशील, 'माझी चूक झाली' म्हणाली असशील, 'माझी गोष्ट खोटी आहे' म्हणाली असशील. मी घरात येऊन दार लावून घेतलं आणि मंगळवारपर्यंत तेच एक अर्धं वाक्य डोक्यात घेऊन फिरत होते. त्या दोन दिवसांत मी तिखटाच्या पुड्यात हळद भरून दिली लोकांना.

मंगळवारी कौशल्या आली, एस्टीनं. साडी चुरगळलेली, तोंड उतरलेलं. तांब्याभर पाणी प्याली आणि म्हणाली, "समिंदर न्हाई दाखवला मेल्यांनी. गाडी बी न्हाई दिली परतीला. तुमच्या पोरीनंच मला स्टँडवर आणून बसवलं."

मी म्हणलं, "ते राहू दे. ती काय म्हणाली ते सांग."

"लई बोलली अक्का. त्यांनी बोलायचं नळकांडं बंद केलं तरी बोलत व्हती. म्हणली, मोळ्या ह्या मावशीनं उचलल्या, म्या न्हाई. म्या किराणा दुकानातली हाय. माझी आत्या जित्ती हाय, आता दुकानापुढं बसून हे बघती हाय. तिला म्याच मारलं, ह्याच जागी उभं राहून, अन् तुमी टाळ्या वाजवल्या." कौशल्यानं पदरानं तोंड पुसलं. "समद्यांची तोंडं अशी झालती, अक्का. तो शेंडीवाला उठून पळाला आत. मंग पोरीला दंडाला धरून घेऊन गेले. मला कुणी विचारलंच न्हाई, तुमी कोण म्हणून."

आता मला सांग, मी गप बसू? खोटं बोललीस तेव्हा वाजंत्री लावून तासभर दाखवलं. मला जाळायला त्यांच्याकडं वेळ होता, लाकडं होती, नदी होती. आणि पोरगी खरं बोलायला लागली तर साबण! माझ्या पोरीच्या तोंडातला घास काढून घ्यावा तसा शब्द काढून घेतला. मी बुधवारी परळीला जाऊन बूथवरून त्या वाहिनीला फोन लावला. एका पोरीनं उचलला, लई गोड बोलणारी.

मी म्हणलं, "मी शिवकन्येची आत्या बोलते, धर्मापुरीहून."

ती म्हणाली, "सॉरी मॅडम, त्यांच्या आत्या वारल्यात."

मी म्हणलं, "हां, तीच बोलतेय."

तिनं फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही. बूथवाला पोट धरून हसत होता, त्याला पण दोन शब्द ऐकवले मी.

बरं, आता तुझं. तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. गेल्या पत्रात जे लिहिलं त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. मोळी सुतळीनं बांधायची नसते आणि जित्या माणसाला जाळायचं नसतं, बक्षिसाची नोकरी गेली म्हणून हे बदलत नाही. पण हे काय नवीन शिकलीस, खोलीत कोंडून घ्यायचं? खोटं बोलताना हजारो लोकांपुढं उभी राहिलीस आणि खरं बोलून झाल्यावर लपून बसलीस! उलटी रीत कुणी शिकवली तुला? मी तर नाही शिकवली.

गावात अजून सगळे विचारतात, जाहिरातीआधी पोरगी काय म्हणत होती. कौशल्याला मी गप केलंय आणि मी पण सांगणार नाही. ते तू यायचंस आणि दुकानापुढं उभं राहून तुझ्या तोंडानं सांगायचंस. हसतील. हसू देत की! माझ्यावर हसले, मी मेले का? स्वामींच्या पाया पडायचंस. कौशल्याच्या घरी जाऊन तिच्या पोरींना तोंड दाखवायचंस, त्या काय म्हणतील ते खाली मान घालून ऐकायचं. आणि मग घरात यायचंस, दार लावायचं, आणि माझ्यासमोर बसायचं. मला तुझ्याशी भांडायचंय. पोटभर. फोनवर नाही, पत्रात नाही, समोर.

त्या रविवारी टीव्हीवर मला जाळलं, आणि लोक आपापल्या घरी गेले, तेव्हा या घरात मी एकटीच होते ग. रडायला दुसरं कोणी नव्हतं. आपल्याच मरणाला आपणच रडत बसायचं, असं कोणावर येऊ नये. तेवढ्यासाठी तरी ये.

पहिली गाडी मिळेल तिनं निघ. मी स्टँडवर येणार नाही, रागात आहे. दुकान उघडं असेल.

तुझी,
अजून चिडलेली,
नीलाआत्या